कॅमेरा आणि नोंदवही : एका हौशी छायाचित्रकाराची पन्नास वर्षे

ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आमच्या शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांच्या हाताखाली मी आठवीपासून पुढे तीन वर्षे विज्ञान शिकलो. व्याख्यानाच्या दिवशी चित्रे दाखविण्याच्या नादात बोलावयाचे बरेच राहून गेले. ते लिहून द्यावे, अशी संयोजकांनी सूचना केली, म्हणून हा लेख. आरंभीच सांगितले पाहिजे की, मी व्यवसायाने छायाचित्रकार नाही. पेडणे महालातल्या किनाऱ्याकडच्या एका गावात माझा जन्म झाला आणि हयात डिचोलीला कारकुनी करण्यात गेली. लग्नामुंजींची कामे मी कधी घेतली नाहीत, स्पर्धांना चित्रे पाठविली ती बहुतेक साभार परत आली. तरीही १९७४ सालापासून कॅमेरा माझ्या खांद्यावरून फारसा उतरलेला नाही. या काळात कॅमेरे बदलले, आणि प्रत्येक कॅमेऱ्याने माझी पाहण्याची रीतही थोडीथोडी बदलली. त्यात मिळाले बरेच, पण गेले काय, ते मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, हाच या लेखाचा विषय आहे.

सरांनी कॅमेरा आम्हांला प्रथम दाखविला तो कॅमेऱ्यावाचून. १९६९ सालची गोष्ट. एके दिवशी त्यांनी वर्गाच्या खिडक्या घोंगड्यांनी बंद करविल्या, एका फटीत पुठ्ठा बसविला आणि त्याला दाभणाने भोक पाडले. डोळे काळोखाला सरावल्यावर समोरच्या चुन्याच्या भिंतीवर अंगणातला आंबा उलटा लोंबकळताना दिसू लागला. त्याची पाने हलत होती. शेंड्याकडून निघालेला किरण सरळ रेषेत भोकातून खाली जातो, बुंध्याकडचा वर जातो, म्हणून चित्र उलटे पडते, हे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "कॅमेरा म्हणजे खोली. आपण आता कॅमेऱ्याच्या पोटात बसलो आहोत." आमच्या वडिलांच्या पिढीला हा शब्द वेगळ्या अर्थाने परिचित होता. पोर्तुगीज अमदानीत नगरपालिकेला 'कामरा म्युनिसिपाल' म्हणत, त्यातला कामरा तो हाच. पुढच्या आठवड्यात सरांनी बिस्किटांचा डबा आतून काळा करून त्यात फोटोचा कागद बसविला आणि शाळेच्या दाराचे चित्र घेतले. ते धूसर होते. पण भिंगावाचून, केवळ एका भोकाने ते झाले होते, आणि त्या दिवसापासून मला भिंगांच्या जाहिरातींचा मोह जरा बेताचाच राहिला.

आपल्या महालाचा आणि छायाचित्रणाचा संबंध मला वाटत होता त्याहून पुष्कळ जुना आहे, हेही सरांकडूनच कळले. डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे पेडण्यातील मांद्र्याचे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते वैद्यकीचे पदवीधर झाले, प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक म्हणून कीर्ती पावले आणि १९७५ सालापासून भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने ओळखले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीचे ते आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते, हे फारसे सांगितले जात नाही. दोघेही डॉक्टर आणि दोघांनाही ही हौस! त्या काळी काचेच्या तावदानावर कलोडियनचा चिकट लेप देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि तो वाळण्याच्या आत, म्हणजे दहापंधरा मिनिटांत, चित्र उमटवून पक्के करावे लागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मुदत आणखी घटणार. जिथे जाल तिथे अंधारखोली, रसायने आणि पाणी बरोबर नेणे भाग होते. पुढे उष्मा आणि पाणी यांनी मलाही जेव्हा जेव्हा छळले, तेव्हा मला या दाजीबंधूंची आठवण होई.

माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक तीन. त्या पिढीतल्या किती घरांत तो असेल, याची गणती नाही. काळा, हलका, डब्यासारखा. त्यात १२० क्रमांकाचा रोल बसे आणि त्यावर बारा चौकोनी चित्रे येत. मागे लाल काचेची छोटी खिडकी होती. त्यातून रोलच्या पाठकागदावरील आकडा दिसे, तो येईपर्यंत चावी फिरवायची. ऊन असेल तर सूर्याच्या चिन्हावर, मळभ असेल तर ढगाच्या चिन्हावर काटा ठेवायचा, याव्यतिरिक्त करण्यासारखे काही नव्हते. अंतर जुळविण्याची सोय नव्हती. दहा फुटांच्या आत कोणी आले की ते धूसर यायचे. भिंग साधे, एकाच काचेचे होते. अशा भिंगाचा गुण म्हणा वा दोष म्हणा, चित्राच्या मध्यभागी रेषा ठळक येतात आणि कडांकडे जाता जाता त्या विरघळतात. तथापि त्या कॅमेऱ्याच्या पोटात जागा भरपूर होती. त्याचा एक चौकोन सहा सेंटीमीटरच्या जवळपास भरे, आणि पुढे आलेल्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील चित्राच्या तो सुमारे साडेतीनपट मोठा. त्यामुळे भिंग दुबळे असूनही मोठे चित्र काढले तर बरेच काही हाती लागे.

पहिला पगार झाल्यावर म्हापशाला जाऊन तो घेतला, तेव्हा सरांना दाखवायला शाळेत गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आणि कपाटातून एक रेघांची वही काढून माझ्या हाती दिली. म्हणाले, "प्रत्येक चौकोनाला एक ओळ. तारीख, स्थळ, माणसे. ही वही भरत नसेल, तर कॅमेरा मला आणून द्या." मी विद्यार्थी असतानाही सर आम्हां मुलांना अहोजाहो करीत, हे जुन्यांना आठवत असेल. बारा चित्रांना बारा ओळी लिहिणे अवघड नव्हते. एक रोल महिना-दीड महिना चाले. पैसे मोजून घेतलेले बारा चौकोन असल्यामुळे प्रत्येक वेळी मनात विचार येई, हे घ्यावे की न घ्यावे? ज्याचे चित्र घ्यायचे त्याला विचारावे लागे, त्याला उन्हात उभे करावे लागे, मग तो घरी जाऊन सदरा बदलून येई. एवढ्या वेळात त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, त्याची शेते कुठे, हे सारे कळून जाई. वहीत ते आपोआप उतरे.

त्या काळी गावाहून म्हापशाला जायचे तर चोपड्याला येऊन फेरीबोटीने शापोरा नदी ओलांडून बारदेशात शिवोलीला उतरावे लागे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पूल झाला आणि ती फेरी इतिहासजमा झाली. सोमवारी पहाटे मी त्याच वाटेने डिचोलीला जात असे आणि शनिवारी परत. फेरीची वाट पाहण्यात जो वेळ जाई, त्यात माझे पुष्कळ चौकोन खर्च झाले. १९७६ सालच्या वहीत एकोणिसाव्या रोलच्या सातव्या ओळीत मी लिहिले आहे : "चोपडे, फेरी लागताना. मध्ये तांडेल. पाणी उतरलेले." त्या चौकोनाकडे पुढे परत यायचे आहे.

चित्रे धुण्याचे काम मी घरीच शिकलो. न्हाणीघर हीच अंधारखोली. फिल्म पूर्ण काळोखात हाताळावी लागते, कागदाला मात्र तांबडा दिवा चालतो, कारण साध्या कृष्णधवल कागदाला तांबडा प्रकाश दिसत नाही. पुस्तकात लिहिलेले असे की, डेव्हलपर वीस अंश सेल्सिअसला असावा. आमच्या विहिरीचे पाणी वैशाखात अठ्ठावीस अंशांच्या खाली येत नसे. द्रव जितका उष्ण तितकी क्रिया वेगाने होते, आठ अंशांनी वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो आणि मग अर्ध्या मिनिटाची चूकही चित्र काळवंडून टाकते. शिवाय फिल्मवरचा सरसाचा थर मऊ पडून त्याला सुरकुत्या येतात, तो धोका निराळाच. मी रात्रभर पाणी मडक्यात ठेवी, आणि ते पुरेसे निवले नाही तर मासळीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, त्यात सोडी. आईने एकदा विचारले होते, इसवण आणलास आणि लपवून ठेवलास की काय? पावसाळा त्या दृष्टीने बरा. पागोळ्यांचे पाणी गार असे, हायपो धुऊन काढायला ते मुबलक मिळे आणि हवेतली धूळ बसलेली असल्यामुळे निगेटिव्हवर ठिपके पडत नसत. फक्त त्या वाळायला दोन दिवस लागत.

१९८१ साली आखातात नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने पेंटॅक्स के-१००० आणून दिला. हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला होता. सगळा यांत्रिक, त्यातली लहानशी बॅटरी केवळ प्रकाश मोजणाऱ्या काट्यापुरती. बॅटरी संपली तरी शटर चाले. आता सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेग हाती आला, भिंगाचे तोंड कमीजास्त उघडता येऊ लागले, आणि रोलमध्ये छत्तीस चित्रे! त्या वेळी फिल्म मिळे ती पूर्व जर्मनीतील ओर्वो, नाही तर उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू. तो कारखाना आता बंद पडला आहे. माझ्या वापरातली फिल्म बहुधा १२५ एएसएची असे. लख्ख उन्हात भिंग सोळावर ठेवून सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हे गणित तोंडपाठ झाले. पण मला ज्याचा ध्यास होता ते उन्हात घडत नव्हतेच. ते घडे जत्रेच्या मध्यरात्री, दशावतारात.

पेडण्याच्या माणसाला दशावतार काय असतो हे सांगावयास नको. देवळासमोरच्या मांडावर एक बाक, मागे पडदा, कडेला पायपेटी, पखवाज आणि झांज. आता विजेचे दिवे सर्वत्र आले, परंतु माझ्या तरुणपणी आमच्या वाडीतल्या जत्रेला दोन पेट्रोमॅक्स असत. त्या प्रकाशात, पात्र आठ-दहा फुटांवर असता, भिंग पूर्ण उघडूनही शटरला सेकंदाचा आठवा, कधी चौथा भाग लागे. एवढ्या वेळात लढाई करणारा राजा दोन हात पुढे सरकलेला असे, आणि चित्रात नुसता धुराचा लोट दिसे. फ्लॅश वापरून पाहिला. त्याने सर्व काही स्वच्छ आले आणि सर्व काही मेले. चेहऱ्यावरचा रंग पिठासारखा पांढरा पडला, मागचा काळोख गेला, पडद्याची ठिगळे तेवढी उरली. शिवाय संकासुराचे काम करणारा नट मध्येच थांबून माझ्याकडे पाहू लागला. फ्लॅश मी पेटीत टाकला तो कायमचा. मग हळूहळू ध्यानात आले की, पखवाजाच्या एका आवर्तनानंतर, गिरकी संपताना, पात्र क्षणभर थबकते. तलवार वर, मान तिरकी, आणि श्वास रोखलेला. तो क्षण सेकंदाच्या चौथ्या भागाहून थोडा मोठा असतो. तो कॅमेऱ्याने दिसत नाही, कानाने ऐकावा लागतो. दोन हिवाळे मी पखवाज ऐकण्यातच घालविले, तिसऱ्या हिवाळ्यात सहा चित्रे बरी आली. माझ्या आयुष्यात ज्यांबद्दल मला थोडा अभिमान वाटतो, ती हीच.

याच काळात एक गोष्ट हातून घडली, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. कोजागरीला पेडण्याच्या भगवतीच्या देवळात पुनव भरते. पछाडलेली म्हणून समजली जाणारी माणसे तेथे आणण्याची जुनी रूढी आहे. मी तेव्हा दूरचे जवळ दिसणारे १३५ मिलिमीटरचे भिंग नवेच घेतले होते. गर्दीच्या पलीकडे एका तरुण मुलीला तिचे आईबाप धरून बसले होते, तिचे केस सुटलेले होते. मी दुरून, कोणाला न विचारता, तिचे चित्र घेतले. शटरच्या आवाजाने नव्हे, पण कशाने तरी तिच्या आईने नेमके वर पाहिले. क्लिक तीनने हे चित्र घेता आले नसते. त्याला दहा फुटांवर जावे लागले असते, आणि दहा फुटांवर गेल्यावर माझे धाडस झाले नसते. ती निगेटिव्ह मी पाकिटात घालून वर "छापू नये" असे लिहिले. अजून ती तशीच आहे.

पेंटॅक्सच्या भिंगाला १९८६ च्या पावसाळ्यात बुरशी लागली. आपल्याकडे हे सर्वांचेच दुःख असल्यामुळे थोडे सविस्तर सांगतो. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की भिंगाच्या काचांवर बुरशीचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात, आणि आपल्याकडे आषाढात ती नव्वदच्या घरात जाते. माझी चूक ही की, मी कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात जपून ठेवला होता. कातडे ओल धरून ठेवते. जितका जपाल तितका बिघडेल, असा हा प्रकार. तेव्हापासून कॅमेरा बिस्किटांच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. निळे दाणे गुलाबी पडले की तव्यावर गरम करून पुन्हा निळे करून घ्यायचे. कपाटात पंधरा वॅटचा दिवा लावून ठेवणेही गुणकारी आहे. पण सर्वांत उत्तम उपाय म्हणजे कॅमेरा वापरीत राहणे आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढणे.

डिचोलीला शत्रू दुसराच होता, तो म्हणजे धूळ. खनिजाचे ट्रक साखळीच्या बाजूने दिवसभर धावत आणि रस्त्याकडेची झाडे, घरांची कौले, दुकानातल्या बरण्या, सर्वांवर एकच तांबडा थर चढे. कृष्णधवल फिल्मवर एक गंमत होते. जांभ्याची तांबडी माती आणि त्यामागची हिरवी झाडी, डोळ्याला इतके भिन्न असलेले हे दोन रंग, चित्रात जवळजवळ एकाच करड्या छटेचे येतात. त्यामुळे हिरवी काच लावून त्यांना वेगळे करावे लागे. धुळीने ते काम आणखी कठीण केले. शिरगावच्या लइराईच्या जत्रेची, वैशाख शुद्ध पंचमीची, चित्रे मी जवळपास दरवर्षी घेत आलो. धोंड, त्यांच्या हातांतील वेताच्या काठ्या, मोगरीच्या माळा, पहाटेचे होमखण, हे सारे मी काळजीपूर्वक टिपले. पुढे १९८३ ची आणि २००९ ची चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा धोंडांत विशेष फरक दिसला नाही. फरक त्यांच्या पाठीमागे होता. पहिल्या चित्रात कौलांवर डोंगराची जी कड दिसते, ती दुसऱ्यात नाही, तिथे खाणमातीचा सपाट ढीग आहे. मी त्या डोंगराचे चित्र घेण्यास कधी गेलो नव्हतो. तो सदैव तिथे असणार, अशीच माझी समजूत होती. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, पुढे काही पुन्हा सुरू झाल्या. मात्र ढीग ढीगच राहिला.

रंगीत फिल्मच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लॅबमध्ये रोल द्यायचा आणि तासाभराने चित्रे आणायची, यात माझा सहभाग संपला. आणि त्या वेळच्या रंगीत प्रतींतील रंगद्रव्ये उडून त्या तांबूस पडल्या. कृष्णधवल चित्रातील काळेपणा हा रुप्याच्या कणांचा असतो, तो नीट धुतलेला असेल तर पुष्कळ टिकतो.

२००५ साली मी निकॉनचा डी-७० हा डिजिटल कॅमेरा घेतला. फिल्मच्या जागी आता सहा दशलक्ष सूक्ष्म कप्पे असलेली चकती आली. प्रत्येक कप्पा त्याच्यावर किती प्रकाश पडला हे मोजतो आणि आकड्यात सांगतो, त्या आकड्यांचे चित्र बनते. रोलचा खर्च नाही, बर्फ नाही, हायपो नाही. चित्र तत्काळ पाठीमागे दिसते, चुकले तर पुन्हा घ्या. दशावताराची रात्र मला अचानक सोपी झाली. एका रात्रीत चारशे चित्रे घेऊन मी घरी येऊ लागलो, आणि खोटे का बोलू, पहिली दोन वर्षे मी अगदी हरखून गेलो होतो. चारशे ओळी कोण लिहिणार? कॅमेरा तारीख, वेळ, शटरचा वेग, सर्व स्वतःच नोंदवितो, मग वही कशाला? वही बंद पडली. कॅमेरा चित्राला क्रमांक देई तो ९९९९ पर्यंत, त्यानंतर पुन्हा ०००१. म्हणजे एकाच नावाची दोन चित्रे तयार होऊ लागली. एकदा बॅटरी बराच काळ उतरलेली राहिल्याने त्याचे घड्याळ मागे गेले आणि वर्षभराच्या चित्रांवर भलतीच तारीख पडली. आणि चित्रातला माणूस कोण, हे तर तो लिहीतच नव्हता.

२००९ च्या चवथीला माझे वडील सत्त्याऐंशी वर्षांचे होते. माटोळी बांधण्याचा मान घरात त्यांचा. त्या वर्षी त्यांना स्टुलावर चढवेना, म्हणून खाली बसून ते एकेक फळ हाती घेत, त्याचे नाव घेत आणि दोरीला बांधून वर देत. माट्टुटी, कांगले, नागलकुडा, आणखी कितीतरी. मी समोर बसून दोनशे चाळीस चित्रे घेतली. ती संगणकातून बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवली आणि प्रती काढू या सवडीने, असे म्हणालो. पुढच्या वर्षी वडील गेले. तेराव्याला लावायला जे चित्र होते ते जुने, १९८४ चे, पेंटॅक्सचे. तेव्हाही डिस्क होतीच, पण त्या धांदलीत शोधण्याचे त्राण नव्हते. २०१२ साली ती डिस्क एके दिवशी टकटक असा आवाज करू लागली आणि बंद पडली. पणजीला नेली, बंगळूरला पाठविली. काही निघाले नाही. दोष कोणाचा नाही. फिरणारी चकती आणि तिच्यावर तरंगणारे सुईएवढे डोके, ते कधी तरी बिघडणारच. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू ही ठेवलेलीच नव्हे, हे मला कारकुनी करताना कळत होते. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत मी काढून ठेवीत असे. घरी मात्र काढली नाही. वडील फळांची नावे कोणत्या क्रमाने घेत होते, ते आज मला आठवत नाही.

२०१४ साली, पाऊस संपतासंपता, चोपड्याकडचे एक गृहस्थ माझा पत्ता विचारीत घरी आले. साठीच्या आसपासचे. बराच वेळ बसले, चहा झाला, मग म्हणाले, "आवयचो एक लेगीत फोटू ना घरांत." त्यांची आई फेरीवर भाजीची पाटी घेऊन शिवोलीला जात असे आणि १९७९ साली वारली. मी त्या वेळी फेरीवर फोटो घेत असे, हे कोणी तरी त्यांना सांगितले होते. मी वह्या काढल्या. १९७४ ते १९७९ मिळून चार वह्या. फेरीच्या नोंदी शोधण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. सतरा चौकोन निघाले. निगेटिव्ह दिव्यासमोर धरून आम्ही दोघे एकेक पाहत गेलो. एकोणिसाव्या रोलच्या सातव्या चौकोनात, मधोमध, मी ज्याचे चित्र घेतले तो तांडेल छाती काढून उभा आहे. डाव्या कडेला, अर्धी चौकटीबाहेर, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई पाण्याकडे पाहते आहे. वहीत तिची नोंद नाही. मला ती दिसलीच नव्हती.

माझी अंधारखोली तोवर मोडली होती. निगेटिव्ह मी स्कॅनरवर घातली आणि संगणकाच्या पडद्यावर ती कड मोठी केली, म्हणजे शेवटी डिजिटल यंत्रच उपयोगी पडले, हे मान्य केले पाहिजे. एका काचेच्या भिंगाने कडा विरघळवल्या होत्या, त्यामुळे चेहरा मऊ, जवळजवळ धुक्यातला दिसत होता. चौकोन मोठा नसता तर तेवढाही राहिला नसता. ते गृहस्थ पडद्याला नाक लावून पाहत होते. मी म्हटले, खात्री नसेल तर सांगा, चेहरा स्पष्ट नाही. त्यांनी चेहऱ्याकडे बोट दाखविले नाही, पाटी धरलेल्या हाताकडे दाखविले. करंगळी बाहेर काढून पाटी धरण्याची तिची रीत होती, म्हणाले. "हीच ती." आठ बाय दहाची प्रत काढून दिली. ती त्यांच्या घरात देवघराच्या बाजूला आहे. मी दोनदा पाहून आलो.

आता मोबाइलचा काळ आहे, आणि त्याविषयी तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. लइराईच्या जत्रेत पूर्वी माझा एकट्याचा कॅमेरा असे, आज हजारो हात वर होतात. रात्रीच्या वेळी मोबाइल एका चित्राऐवजी लागोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बसवितो आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात मला जे तीन हिवाळ्यांत साधले ते माझी नात सहज करते. एकच गोष्ट जाणून असावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र पाठविले की ते सामान्यतः आकसते. मूळ चित्रातील बहुतेक तपशील गळून जातो, आणि विशेषतः कडेच्या माणसांची करंगळी प्रथम जाते. ज्याला ठेवायचे आहे त्याने मूळ फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, वर्षाकाठी दहा-वीस चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि पाठीमागे शिसपेन्सिलीने नावे लिहावीत. बॉलपेनने लिहू नये, त्याचा वळ पुढे उठतो.

मी स्वतः २०१५ पासून पुन्हा वही घातली आहे. दिवसाला बाराच चित्रे, असा नेम केला आहे, तो आठवड्यातून दोनदा तरी मोडतो. मोप्याच्या पठारावर विमानतळाचे काम सुरू झाले तेव्हा, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले त्याच्या आधीच्या वर्षांत, मी सड्यावरची पावसाळी फुले, चरणारी गुरे, काजूची झाडे यांची चित्रे घेतली. या खेपेला मुद्दाम मागची क्षितिजरेषाही सोडली नाही. जुन्या निगेटिव्ह क्रमाने स्कॅन करून, त्यांची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक माझ्याकडे, असे ठेवण्याचे काम चालू आहे. १९७४ ते १९९० पर्यंतचे झाले. वहीमुळे ते सोपे गेले. २००५ नंतरच्या नऊ हजारांवर चित्रांत कोण कोण आहे, हे गावातील वडीलधाऱ्यांना बसवून लिहून घेतो आहे. दर रविवारी दोन तास. त्यांपैकी दोघे यंदा गेले.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. या पुस्तिकेच्या मलपृष्ठावर १९७० सालचे आमच्या वर्गाचे चित्र दिले आहे. म्हापशाहून आलेल्या स्टुडिओवाल्याने तिकाटण्यावरच्या लाकडी कॅमेऱ्याने, काळे फडके डोक्यावर घेऊन ते काढले होते. मध्ये खुर्चीवर सर बसले आहेत. अठ्ठेचाळीस मुलांपैकी त्रेचाळीस नावे लागली. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मुलगा, ज्याने मान वळविल्यामुळे चेहरा हलला आहे, आणि उजव्या टोकाला उभ्या असलेल्या चार मुली, यांची नावे कोणास ठाऊक असल्यास शाळेच्या कार्यालयात लेखी कळवावीत. टोपणनाव आठवत असले तरी चालेल.